तेल पाजणं थांबवा: सागवानी टेबल आणि चामड्याच्या सोफ्याची निगा

प्रश्न थोडक्यात असा: घरात वडिलांच्या काळातलं सागवानी टेबल आहे आणि काही वर्षांपूर्वी घेतलेला चामड्याचा सोफा आहे. टेबलाला दर महिन्याला खाद्यतेल आणि लिंबाचा रस एकत्र करून चोळतात, सोफ्याला खोबरेल लावतात. तरी टेबल हाताला चिकट लागतं, त्यावर पांढरी वर्तुळं उठली आहेत, एका कोपऱ्यात काळा डाग पडला आहे. सोफ्याच्या हातांवर तडे गेलेत आणि पापुद्रे सुटायला लागलेत. तर आता काय लावावं?

सध्या काहीच लावू नका. जुन्या फर्निचरची दुरुस्ती आणि पॉलिश हाच माझा धंदा आहे, आणि माझ्याकडे दुर्लक्षाने बिघडलेल्या वस्तूंपेक्षा अति काळजीने बिघडलेल्या वस्तू जास्त येतात. लाकूड तहानलेलं असतं, चामडं भुकेलं असतं, त्यांना अधूनमधून काहीतरी पाजावं लागतं, ही समजूत कुठून आली कोण जाणे, पण ती फार खोलवर बसली आहे. टेबलाचं लाकूड मेलेलं आहे. त्याला पोषण लागत नाही. आणि तुमचा हात फिरतो तो लाकडावर नाही, लाकडावरच्या थरावर. निगा त्या थराची करायची असते. तो थर शाबूत असेल तर वरून ओतलेलं तेल लाकडापर्यंत पोचतच नाही. वरच बसतं, धूळ धरतं आणि काही महिन्यांत तुम्ही म्हणता तसं चिकट होतं.

तेलातलंही एक समजून घ्या. जवसाचं तेल किंवा टंग तेल (टंग झाडाच्या बियांचं) हवेतला ऑक्सिजन घेऊन घट्ट होतं, त्याची पातळ कातडी तयार होते. म्हणून ही तेलं रंगकामात आणि पॉलिशमध्ये वापरतात. खोबरेल किंवा ऑलिव्ह तेल कितीही दिवस ठेवा, तसं वाळत नाही. लावल्यावर दिसते ती चमक ओल्या पृष्ठभागाची असते, पॉलिशची नाही. लिंबाच्या रसाचं काम एकच, वास.

आता टेबलावर कोणता थर आहे ते शोधायचं. हे कळल्याशिवाय पुढचं काहीही करू नये, कारण एका पॉलिशवर चालणारा उपाय दुसऱ्याचं वाटोळं करतो. टेबलाच्या पायाची आतली बाजू किंवा फळीची खालची कड निवडा. तिथे पॉलिशचा हात फिरलेला असला पाहिजे, नुसतं कच्चं लाकूड नको. आधी पाण्याचा थेंब टाका. तो दोन-चार मिनिटांत आत शिरला आणि लाकूड गडद दिसू लागलं तर तिथे तेल किंवा मेणाखेरीज काही नाही, किंवा होतं ते झिजून गेलंय. थेंब तसाच गोल राहिला तर कापसाच्या बोळ्यावर थोडं स्पिरिट (पॉलिशसाठी मिळणारं अल्कोहोल) घेऊन त्याच जागी टेकवा. अर्ध्या मिनिटात पृष्ठभाग चिकट झाला आणि बोळ्यावर तपकिरी रंग आला तर ते लाखेचं पॉलिश आहे, म्हणजे जुने कारागीर चपडी स्पिरिटमध्ये भिजवून करत ते. स्पिरिटने फारसं काही झालं नाही, पण थिनरने मऊ पडलं तर लॅकर, म्हणजे थिनरमध्ये विरघळवून लावतात ते पॉलिश. दोन्हींना दाद दिली नाही तर मेलामाइन किंवा पीयू (पॉलियुरेथेन), म्हणजे वाळल्यावर पक्के होणारे कृत्रिम राळेचे थर. वडिलांच्या काळातलं टेबल म्हणजे लाख असण्याची शक्यता बरीच, पण मध्येच कोणीतरी वरून नवा हात मारलेला असू शकतो. म्हणून अंदाज बांधण्यापेक्षा बोळा टेकवलेला बरा.

चिकटपणा काढायला मिनरल टर्पेंटाइन वापरा. वाळून पक्क्या झालेल्या लाखेला, लॅकरला किंवा पीयूला ते विरघळवत नाही, पण साचलेलं तेल, मेण आणि फवारा-पॉलिशचे थर उचलून घेतं. खिडक्या उघड्या ठेवा, जवळपास ज्योत नको, हातात मोजे घाला. सुती कापड ओलसर करून एका वेळी हातभर जागा पुसा आणि लगेच कोरड्या कापडाने टिपा. कापड काळपट-पिवळं होईल. ते होईनासं होईपर्यंत कापड बदलत राहा. महिनोन्महिने तेल चोळलेल्या टेबलाला याचे तीन-चार हात सहज लागतात. दुसऱ्या दिवशी कोमट पाण्यात सौम्य साबणाचे दोन-तीन थेंब टाकून, कापड घट्ट पिळून एकदा पुसा आणि लगेच कोरडं करा. एवढं झाल्यावर नख टेकवून पाहा. नखाचा ठसा उमटत असेल तर मळ नाही, थरच मऊ पडला आहे. हाताचा घाम आणि तेल वर्षानुवर्षं मुरलं की लाख आणि लॅकर असे मऊ पडतात. खुर्चीच्या हातांवर आणि टेबलाच्या कडेवर हे आधी दिसतं. असा थर पुसून सुधारत नाही, तो काढून नव्याने पॉलिश करावं लागतं. ते काम जाणकाराला द्या.

आता पांढरी वर्तुळं. यात दिलासा असा की पांढरा डाग थरात असतो, काळा डाग लाकडात. पांढरा डाग म्हणजे ओलावा किंवा वाफ पॉलिशच्या थरात शिरली आणि तिथे अतिसूक्ष्म पोकळ्या झाल्या. त्यांवर प्रकाश विखुरतो, म्हणून पारदर्शक थर दुधाळ दिसतो. खालचं लाकूड अगदी ठणठणीत असतं. डाग ताजा असेल तर दोन दिवस नुसता राहू द्या. बरेच डाग कोरड्या हवेत स्वतःहून फिके पडतात, आणि लोक नेमके त्याच दोन दिवसांत काहीतरी चोळून बसतात.

राहिला तर हेअर ड्रायर सर्वांत कमी आचेवर ठेवून वीतभर अंतरावरून फिरवा. सारखा हलवत ठेवा आणि मध्येमध्ये तळहात टेकवून पाहा. हाताला सोसवणार नाही एवढं पॉलिश तापू द्यायचं नाही, कारण लाख साधारण ७० ते ८० अंश सेल्सिअसच्या पट्ट्यात वितळू लागते. गरम भांड्याचा ठसा टेबलावर उमटतो तोही याच कारणाने.

लाखेच्या पॉलिशवर मी करतो तो उपाय स्पिरिटचा आहे. तो नीट सांगतो, कारण सगळं कौशल्य कापड किती ओलं आहे यात आहे. जुन्या, धुऊन मऊ झालेल्या सुती कापडाची घडी करून त्यात कापसाचा गोळा बांधा, म्हणजे खालून सुरकुती नसलेली पुरचुंडी होते. कापसावर स्पिरिटचे काही थेंब टाका आणि पुरचुंडी कोऱ्या कागदावर दाबून जास्तीचं स्पिरिट काढून टाका. मग ती आपल्या मनगटाच्या मागच्या बाजूला टेकवा. त्वचेला गार लागावं, पण ओल दिसू नये. दिसलीच तर दोन-तीन सेकंदांत उडून जावी. याहून ओली असेल तर थांबा. आता वर्तुळावरून ती पीस फिरवल्यासारखी ओढत न्या: हात हवेतून खाली यावा, डागाला स्पर्श करून पलीकडे पुन्हा हवेत जावा. डागाच्या मधोमध हात थांबला की कापड चिकटतं आणि थर उचकटतो. मग पांढऱ्या वर्तुळाच्या जागी कापडाच्या विणीचा ठसा घेऊन बसावं लागतं. चार-पाच वेळा हात फिरवून एक-दोन मिनिटं थांबा. स्पिरिट वरचा थर क्षणभर सैल करतं, अडकलेला ओलावा निघून जातो, पोकळ्या मिटतात आणि वर्तुळ कडेकडून विरत जाताना दिसतं. पूर्ण गेलं नाही तर तासाभराने पुन्हा. लॅकरवर हाच उपाय कमी जोराने लागू पडतो. पीयू किंवा मेलामाइनवर स्पिरिटचा काही उपयोग नाही. तिथे ०००० नंबरचं, म्हणजे अगदी बारीक, स्टील वूल (पोलादी तारांचा लोकरीसारखा गोळा) मेणात बुडवून लाकडाच्या रेषेच्या दिशेने हलकं घासावं लागतं आणि तेवढी जागा आजूबाजूपेक्षा मंद दिसू शकते, म्हणून पूर्ण फळीवर एकसारखा हात फिरवावा लागतो. टूथपेस्ट लावून डाग जातो असं ऐकलं असेल. जातो कधीकधी, कारण टूथपेस्टमध्ये बारीक घासणारी पूड असते. पण ती पूड किती जाडीची आहे हे नळीवर लिहिलेलं नसतं.

काळ्या डागाचं प्रकरण वेगळं. पाणी थर ओलांडून लाकडात गेलं आणि तिथे लोखंडाची संगत मिळाली, म्हणजे खिळा, डब्याचा तळ किंवा पाण्यातलंच लोह, की लाकडातल्या टॅनिन या तुरट द्रव्याशी त्याची क्रिया होऊन निळसर काळा रंग धरतो. हा डाग वरून काहीही लावून जात नाही. थर काढून उघड्या लाकडावर ऑक्झॅलिक अॅसिडचं द्रावण लावावं लागतं, मग पाण्याने अनेकदा पुसून वाळवावं लागतं. हे अॅसिड विषारी आहे. वाळल्यावर राहिलेले स्फटिक पॉलिश पेपरने घासले तर नाकातोंडात जातात, म्हणून आधी धुणं, मग घासणं. शिवाय डागापुरतंच लावलं तर काळ्याऐवजी फिकट ठिपका मिळतो. पूर्ण फळीला लावावं लागतं. एका कोपऱ्यातल्या लहान काळ्या डागासाठी मी स्वतः जुन्या टेबलाचा अख्खा थर काढणार नाही.

थर कितीही चांगला असला तरी लाकूड हवेतला ओलावा घेत आणि सोडत राहतं. पॉलिश ती गती फक्त मंद करतं. हवेची सापेक्ष आर्द्रता ३० टक्के असेल तर लाकडात साधारण ६ टक्के ओलावा राहतो, ६५ टक्क्यांना १२ आणि ८० टक्क्यांना १६ च्या आसपास. लांबीत याचा परिणाम नगण्य, सगळा खेळ रुंदीत. ओलाव्यात चार टक्क्यांचा फरक पडला तर एक मीटर रुंदीची, साध्या कापाच्या फळ्यांची सागवानी पाटी पाच ते आठ मिलिमीटर हलते. तेही साग हे लाकडांमध्ये बऱ्यापैकी शांत समजलं जातं! म्हणून जाणता सुतार वरची पाटी चौकटीला ठोकून टाकत नाही, स्क्रूचं भोक लांबट ठेवतो, म्हणजे तिला सरकायला जागा राहते. ‘टेबल हलतं’ म्हणून कोणी नंतर चार खिळे ठोकले असतील तर पाटी मधोमध फाटते आणि दोष लाकडाला दिला जातो. एकदा टेबलाखाली वाकून बघाच.

कोरड्या दिवसांत जोडांमध्ये दिसणाऱ्या भेगा लांबी, म्हणजे सुतारांची पुट्टी, भरून बुजवू नका. दमट हवा आली की फळ्या फुगतात, भरलेली लांबी पाचरीचं काम करते आणि शेजारचा चांगला जोड उघडतो. तसंच दमट दिवसांत अडकणाऱ्या खणाला रंधा मारू नका. कडांना मेणबत्ती घासा, निभवा, आणि हवा कोरडी झाल्यावरही अडकत असेल तरच सुताराला बोलवा. हीटर, एसीचा थेट झोत आणि उन्हाची खिडकी यांपासून टेबल दूर ठेवा. खिडकीची काच अतिनील किरणांतला काही भाग अडवते, पण बराचसा आत सोडते, आणि उन्हाने थर ठिसूळ होतो, लाकडाचा रंग बदलतो. टेबलावर एकाच जागी वर्षभर फुलदाणी ठेवली तर तिच्याखाली जुना रंग तसाच राहतो आणि मग तो ‘डाग’ काढून द्या म्हणून लोक येतात.

मऊ प्लास्टिकच्या चटया तर लॅकरवर कधीच अंथरू नका. प्लास्टिक लवचिक राहावं म्हणून त्यात जे द्रव्य मिसळतात ते हळूहळू पॉलिशमध्ये उतरतं आणि चटईची नक्षी टेबलावर कायमची उमटते. रबरी बुडाच्या वस्तूंचंही तेच. नमद्याच्या, म्हणजे दाबलेल्या लोकरीच्या, चकत्या चिकटवा.

मग लावायचं काय? स्वच्छ केलेल्या, शाबूत थरावर वर्षातून एकदा, फार तर दोनदा, घट्ट मेणाचं पॉलिश. मेण लाकडात जात नाही आणि ओलावाही फारसा अडवत नाही. त्याचं काम एवढंच की हात, कापड आणि भांडी घसरत जावीत, थरावर ओरखडे कमी पडावेत. मधमाशीचं मेण ६२-६४ अंशांना वितळतं, कार्नौबा हे ताडाच्या पानांवरचं मेण ८० च्या पुढे. त्यामुळे दोन्हींच्या मिश्रणाचा थर नुसत्या मधमाशीच्या मेणापेक्षा टणक बसतो आणि धूळ कमी धरतो. चण्याएवढं मेण कापडाच्या आत गुंडाळा म्हणजे विणीतून गाळून बाहेर येईल. हातभर जागेला तेवढं पुरे. पंधरा-वीस मिनिटांनी कोरड्या कापडाने चोळा. चोळताना कापड ओढलं जात असेल तर मेण जास्त झालंय. सिलिकॉन असलेले फवारे टाळा. ते आज काही बिघडवत नाहीत, पण पुढे कधी नवं पॉलिश करायची वेळ आली की सिलिकॉन जिथे शिरलंय तिथे नवा थर बसत नाही, माशाच्या डोळ्यासारखी गोल भोकं पडतात. पॉलिशवाल्यांची या डब्यांवर का खुन्नस असते ते त्यामुळे.

ज्यांच्या लाकडावर खरोखरच तेलाचं फिनिश आहे, म्हणजे पाण्याचा थेंब शिरला त्या मंडळींनी वाळणारं तेल अगदी पातळ लावून वीस मिनिटांत जास्तीचं पुसून टाकावं. आणि पुसलेली फडकी चुरगळून डब्यात टाकू नयेत. जवसाचं तेल वाळताना उष्णता निर्माण होते, ढिगात ती अडकते आणि कापड आपोआप पेट घेतं. ही ऐकीव भीती नाही, अशा आगी खरोखर लागतात. फडकी मोकळ्या जागी एकेक पसरून कडक होईपर्यंत वाळवा, किंवा पाण्यात बुडवून झाकणाच्या धातूच्या डब्यात ठेवा.

टेबलाखाली पिठासारखी बारीक भुकटी आणि टाचणीच्या टोकाएवढी गोल भोकं दिसली तर भुंगेऱ्याची कीड. भुकटी झाडून काळा कागद अंथरा. आठवड्याने पुन्हा पडली तर कीड जिवंत आहे. जुनी, काळवंडलेली भोकं नुसती भोकं असतात. पिठाऐवजी खसखशीएवढे कडक, कोनदार दाणे पडत असतील तर ती कोरड्या लाकडातली वाळवी, तिथे मात्र वेळ काढू नका.

आता सोफा. पहिला प्रश्न, तो चामड्याचा आहे का? राग मानू नका. पापुद्रा सुटलेल्या जागी भिंगाने किंवा मोबाइलचा कॅमेरा जवळ नेऊन बघा. वरची पातळ कातडी निघून खाली विणलेलं कापड दिसत असेल तर ते रेक्झिन आहे. कापडावर राखाडी-तपकिरी लगदा चिकटल्यासारखा दिसत असेल तर ते भुसा करून जोडलेलं चामडं, म्हणजे चामड्याचे तुकडे दळून, चिकटवून वर पीयूचा थर दिलेला. आणि खाली मऊ, केसाळ तंतू एकमेकांत गुंतलेले दिसले तर खरं चामडं. बऱ्याच सोफ्यांत बसण्याची जागा, पाठ आणि हातांची वरची बाजू खऱ्या चामड्याची असते आणि बाजू-मागचा भाग मिळत्याजुळत्या रेक्झिनचा, त्यामुळे तपासणी पापुद्रा सुटलेल्या जागीच करा.

पहिल्या दोन्हींपैकी काही निघालं तर साफ सांगतो, त्याला उपाय नाही. पीयूचा थर हवेतल्या ओलाव्यानेच हळूहळू तुटत जातो, बाटलीतलं कोणतंही क्रीम त्याच्या रेणूंची तुटलेली साखळी पुन्हा जोडत नाही. रंग मारला तर रंगासकट सुटतो. तेवढा भाग नव्याने मढवून घ्यावा किंवा वरून खोळ घालावी. सोफ्याचा सांगाडा आणि फोम चांगला असेल तर मढवणं शहाणपणाचं.

खरं चामडं असेल तर त्याचा प्रकार पाहा. बाजारातला बहुतेक सोफा रंगाचा थर दिलेल्या चामड्याचा असतो: पाण्याचा थेंब वर उभा राहतो, रंग सगळीकडे एकसारखा दिसतो. अॅनिलीन चामड्याला असा थर नसतो, नुसतं रंगात मुरवलेलं असतं. थेंब लगेच आत शिरतो, नखाची फिकट रेघ उमटते, कातडीच्या मूळच्या खुणा दिसतात. नुबक आणि स्वेड हे खरवडून मखमली केलेले. त्यांना कोरडा ब्रश आणि त्यांचंच खास रबर, द्रव काहीही नको.

तुमच्या सोफ्याच्या हातांवर तडे गेले आणि बाकी सोफा बरा आहे, यातच उत्तर आहे. चामडं ‘सुकलं’ असतं तर सगळीकडे सुकलं असतं. हातांवर आणि डोकं टेकतं तिथे त्वचेचं तेल आणि घाम रोज लागतो. रंगाचा थर ते शोषून आधी मऊ पडतो, चिकट लागतो, मग सुटायला लागतो. त्यावर खोबरेल लावलं म्हणजे याच कामाला हातभार. चामडं कमावताना कारखान्यातच पिंपात फिरवून तंतूंमध्ये स्निग्धता भरलेली असते. रंगाचा थर दिलेल्या चामड्यात ती घरी वरून भरता येत नाही आणि बहुधा भरायची गरजही पडत नाही.

चामड्याच्या खऱ्या कुजण्याचं कारण तेलाचा अभाव नसतं, याला जुना दाखला आहे. लंडनच्या अथेनियम क्लबमधल्या चामड्याच्या खुर्च्या आणि पुस्तकांच्या बांधण्या खराब होत होत्या, तेव्हा १८४३ मध्ये शास्त्रज्ञ मायकेल फॅरडे यांनी त्याचा संबंध गॅसच्या दिव्यांतून निघणाऱ्या गंधकाशी जोडला. वनस्पतीच्या सालींनी कमावलेलं जुनं चामडं असं आम्लाने तुटत जातं आणि हात लावला की तांबूस पूड निघते. अशा चामड्याला तेल लावलं तर पूड थांबत नाही, नुसती तेलकट होते. संग्रहालयांतही एकेकाळी लॅनोलिन (मेंढीच्या लोकरीतली चरबी) आणि गुरांच्या खुरांच्या तेलाची मिश्रणं चामड्याला नित्यनेमाने चोळत. आता जतन करणारे ते टाळतात.

सोफ्याची स्वच्छता अशी. आधी मऊ ब्रश लावलेल्या व्हॅक्यूमने शिवणीतली धूळ काढा; ती वाळूसारखी घासते. मग चामड्यासाठीचं पाण्यात मिसळणारं, तटस्थ किंवा किंचित आम्लधर्मी क्लीनर स्पंजवर घेऊन, फेस करून, मऊ ब्रशने गोल फिरवा आणि ओलसर कापडाने टिपा. चामड्याचा पीएच (आम्लता मोजण्याचा आकडा; ७ म्हणजे तटस्थ, त्याखाली आम्ल) साधारण ३.५ ते ५ असतो. खाण्याचा सोडा, अमोनियाचे काच पुसायचे फवारे, कपड्याचा साबण सगळे अल्कधर्मी आहेत; एकदा पुसल्याने आकाश कोसळत नाही, पण सवय लावू नका. घोड्याच्या खोगिराचा साबण खोगिरालाच बरा. ओल्या वाइप्सही रोजच्या वापरात रंगाचा थर खातात. हात आणि डोक्याची जागा दर पंधरवड्याला ओलसर कापडाने पुसा, पूर्ण सोफा वर्षातून तीन-चारदा. सोफ्याचं आयुष्य त्या पंधरवड्याच्या पुसण्यावर अवलंबून आहे, महागड्या क्रीमवर नाही. क्रीम वापरायचंच तर अॅनिलीनला पाण्यावर आधारलेलं, वर्षातून एकदा-दोनदा.

बॉलपेनची शाई पडली तर हेअर स्प्रे मारू नका. त्यातलं अल्कोहोल शाईआधी सोफ्याचा रंग विरघळवतं. ताज्या रेघेवर क्लीनरचा फेस, नाही गेली तर शाईसाठीची खास कांडी, तीही तासाभरात. जुनी शाई थरात उतरलेली असते, ती फक्त रंगाखाली झाकता येते. अॅनिलीनवर तेल सांडलं तर पाणी अजिबात लावू नका. खडूची पूड जाडसर पसरा, रात्रभर ठेवा, झटका. दमट जागी बुरशी आली तर सोफा किंवा निदान उशा बाहेर मोकळ्या हवेत नेऊन, तोंडाला मास्क लावून ब्रशने झटका, नाहीतर बीजाणू घरभर होतात. रंगाच्या थराच्या चामड्यावर मग स्पिरिट आणि पाणी समप्रमाणात मिसळून, आधी आतल्या कोपऱ्यात चाचणी घेऊन, कापडाने हलकं पुसता येतं. आर्द्रता ६५-७० टक्क्यांच्या वर टिकली की बुरशी परत येणार, त्यामुळे बंद घरात सोफ्यावर प्लास्टिक घालून जाणं सगळ्यांत वाईट. सुती चादर घाला.

तुमच्या सोफ्याचे हात खऱ्या चामड्याचे निघाले आणि खालचे तंतू शाबूत असतील तर दुरुस्ती होते. मात्र आधी मुरलेलं खोबरेल काढावं लागेल, नाहीतर नवा रंग धरणारच नाही. चामड्यासाठीचा डीग्रीझर, म्हणजे तेल ओढून काढणारं द्रव्य, लावायचा, पांढरी पूड होईपर्यंत वाळू द्यायचा, पुसायचं, आणि जागा पाण्याचा थेंब एकसारखा पसरवू लागेपर्यंत हेच पुन्हा. सुटे पापुद्रे ६०० नंबरच्या पॉलिश पेपरने बसवून घ्यायचे, तड्यांत लवचिक फिलर पातळ थरांत भरायचा, मग स्पंजने पाण्यावर आधारलेल्या रंगाचे दोन-तीन हात आणि शेवटी संरक्षक थर. दोन थरांमध्ये पूर्ण वाळवणं, आणि शेवटच्या थरानंतर एक-दोन दिवस त्यावर कोणी बसायचं नाही.

रंग जुळवताना लोक उशीखालचा लपलेला भाग नमुना म्हणून घेतात. तो मूळचा रंग असतो, बाकीचा सोफा मधल्या काळात फिका पडलेला असतो, त्यामुळे दुरुस्त केलेला हात गडद उठून दिसतो. हाताशेजारचा भाग नीट स्वच्छ करून त्याच्याशी रंग जुळवा. आणि तड्यापुरता ठिपका देऊ नका. शिवणीपासून शिवणीपर्यंत अख्खा तुकडा रंगवा, दोन्ही हात एकाच दिवशी, एकाच बाटलीतून.